उजव्या बाजूचं फूल

जूनमध्ये बी.एस्सी.चे निकाल लागले की रविवारी सकाळी आमच्या घराचं फाटक वाजायला लागायचं. फाटकाची कडी सैल होती आणि माझ्या नवऱ्याने ती मुद्दाम तशीच ठेवली होती. कडी वाजली की तो हातातल्या वर्तमानपत्राची घडी करायचा आणि मागच्या दाराने गुलाबांना पाणी घालायला निघून जायचा. जाता जाता म्हणायचा, "आली तुझी गिऱ्हाइकं. उघड दुकान."

गिऱ्हाइकं म्हणजे माझी एखादी विद्यार्थिनी आणि तिचे वडील. बेंगळुरातल्या एका मुलींच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होते. गावात मराठी घरं बरीच होती, पण एम.एस्सी. झालेल्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी बायका शोधाव्या लागत. त्यामुळे मुलीला पुढे शिकवावं की नाही, हा प्रश्न कुठल्याही मराठी घरात उठला की तो चालत चालत बसवनगुडीत माझ्याच दारात येऊन थांबायचा. वडील कोट घालून आलेले असत. मुलगी खुर्चीच्या कडेला बसे. मी कॉफी टाकी. कॉफी येईपर्यंत हवेबद्दल, पाण्याबद्दल, कारखान्यात कुणाचं प्रमोशन अडलंय त्याबद्दल बोलणं होई, आणि कप रिकामा झाला की वडील घसा साफ करत. तो घसा साफ करण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्यानंतर काय येणार हे मला पाठ झालं होतं.

"मग, बाई, तुमचं काय मत? एम.एस्सी. करू द्यावं का हिला?"

खरं सांगायचं तर बहुतेकांचं आधीच ठरलेलं असायचं. त्यांना माझा फक्त शिक्का हवा असे. ज्यांना नको होतं ते माझ्या तोंडून नको वदवून घ्यायचे आणि घरी जाऊन मुलीला सांगायचे, बघ, तुझ्या मिसच नको म्हणाल्या. ज्यांना हवं होतं तेही आत्याबाईंना आणि मोठ्या भावाला सांगायला माझं नाव घेऊन जायचे. पुढे काही बिनसलं की दोन्हीकडून माझाच उद्धार. एका बाईंनी तर मला बाजारात भर गर्दीत गाठून सुनावलं होतं की तुमच्यामुळे आमच्या मुलीला स्थळ मिळेना. त्या मुलीला मी काय सांगितलं होतं हेही मला आठवत नव्हतं.

स्थळाचं गणित तसं सोपं होतं. बी.एस्सी. मुलीला इंजिनिअर नवरा मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्या काळात शहराच्या चारी बाजूंना सरकारी कारखाने उभे राहत होते, पुण्या-सांगलीकडून इंजिनिअर पोरं येऊन दाखल होत होती, त्यांना घरात स्वच्छ मराठी बोलणारी, थोडं इंग्रजी येणारी बायको हवी असे. बी.एस्सी. म्हणजे बरोबर तेवढं. एम.एस्सी. झालं की मुलगी त्याच्या मापाबाहेर जाते. मग तिला तिच्याहून शिकलेला शोधायचा, आणि तिच्याहून शिकलेला एक तर परदेशात किंवा हुंड्याच्या बाबतीत आकाशाला टेकलेला. हे गणित वडील मला समजावून सांगत आणि मी मान डोलवत राही. मला ते माहीत नव्हतं असं थोडंच होतं?

मी स्वतः पुण्यात एम.एस्सी. केलं, लग्न होऊन इथे आले, आणि इथल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत काही दिवस काम केलं. मग मूल झालं आणि मी सोडलं. मला कुणी सोडायला लावलं नाही. थांब असंही कुणी म्हणालं नाही. नंतर कॉलेजची नोकरी मिळाली आणि वर्षानुवर्षं मी तीच सॉल्ट, तेच गट, तोच सडक्या अंड्यांच्या वासाचा गॅस मुलींना शिकवत राहिले. तो वास केसात, पदरात, डब्यातल्या पोळीत सगळीकडे शिरे. आठवड्यातल्या प्रॅक्टिकलच्या दिवशी मुलींचे चांदीचे पैंजण काळे पडत आणि माझ्या धाकट्याला मी जवळ घेतलेलं आवडत नसे. मी थकले होते, हे सरळच सांगते. शिकवण्याने नाही. या रविवारांनी थकले होते.

त्यामुळे माझं उत्तर बहुतेक वेळा "नको" असे. माझं म्हणणं असं होतं की जिला नको म्हटलेलं ऐकून मुकाट्याने घरी जाता येतं, तिने त्या वाटेला जाऊच नये. हे ऐकून नवरा म्हणायचा, "अगं, मग त्या मुकाट्याने जातात त्या तुला भिऊन." असेल तसंही. पण जिला खरोखर हवं असतं ती मुलगी वेगळी दिसते, आणि तशी मुलगी त्या सगळ्या वर्षांत माझ्या डोळ्यांना फार क्वचित दिसली.

त्यातली एक चिकपेटेतल्या एका साड्यांच्या दुकानदाराची थोरली मुलगी. हे घराणं कधीकाळी कुठल्याशा मराठी फौजेबरोबर इकडे आलेलं आणि इथलंच होऊन गेलेलं. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. वाक्याच्या मध्येच कन्नड, शेवटाला "की", वडिलांना अण्णा, थोरल्या बाईला अक्का. ती मुलगी वर्गात कधी बोलत नसे. तिच्या वहीतलं अक्षर ठीकठाक, कपडे मात्र दुकानातले, त्यामुळे बाकीच्या मुली तिची साडी आधी बघत आणि मग तिला.

दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मी प्रत्येकीला एक पुडी दिली होती. पुडीत काय आहे ते ओळखायचं. मुली हुशार असतात. रंग बघतात, शेजारणीची परीक्षानळी बघतात, मागच्या वर्षी काय आलं होतं ते आठवतात, आणि ठोकून देतात. हिच्या पुडीत कॅल्शियम किंवा स्ट्रॉन्शियम, दोहोंपैकी एक होतं. हिने सगळ्या चाचण्या नीट केल्या आणि शेवटी लिहिलं की या दोहोंतलं कोणतं ते मला सांगता येत नाही. पुडीतलं सॉल्ट संपलं आहे, आणखी मिळालं तर अमुक चाचणी करून सांगता येईल. ती चाचणी बरोबर होती. ठोकून दिलं असतं तर अर्धी शक्यता तिच्या बाजूने होती, आणि तरीही तिने ठोकलं नाही. नियमाप्रमाणे मी तिचे गुण कापले आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "आज वर्गात एक माणूस सापडलं."

बी.एस्सी.ला ती चांगली पास झाली आणि शहरातल्या मोठ्या कॉलेजात तिला एम.एस्सी.ला जागा मिळाली. ती एकटीच आली माझ्याकडे, रविवारची वाट न बघता, कॉलेजातच. प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहिली. मी बाटल्यांची लेबलं तपासत होते.

"मिस, जाऊ का मी?"

"तुला काय वाटतं?"

"मला जायचं आहे." एवढं सांगून ती थांबली. मग म्हणाली, "दावणगेऱ्याचं स्थळ आलंय. त्यांचं पण कापडाचंच आहे. माणसं चांगली आहेत. आषाढ लागायच्या आत सांगा म्हणतात. मिस, माणसं वाईट असती तर मला सोपं झालं असतं."

मी लेबलं बाजूला ठेवली. एवढ्या वर्षांत मी कुणाला इतक्या पटकन उत्तर दिलं नव्हतं. म्हटलं, "जा तू." आणि मलाच भीती वाटली. नको म्हणणं सोपं असतं. नको म्हटल्यावर काही घडत नाही, आणि न घडलेल्याचा जाब कुणी विचारत नाही.

"मग अण्णांना तुम्ही सांगा," ती म्हणाली. "ते तुमचं ऐकतील."

पुढच्या रविवारी कडी वाजली. अण्णा पांढऱ्या धोतरावर बंद गळ्याचा कोट घालून आले होते. बरोबर मुलगी होती आणि तिची आई. आई गोरी, ठेंगणी, बोलायला कमी. तिच्या डोक्यातली फुलं मात्र माझ्या लक्षात राहिली. इथल्या बायका फुलांशिवाय बाहेर पडत नाहीत, पण हिने अंबाड्याभोवती मोगरा, त्यावर अबोली, आणि बाजूला एक गुलाब खोचला होता. ती आत आली तसा खोलीत वास पसरला. माझ्या नवऱ्याने मागच्या दारातून डोकावून तिच्याकडे आणि मग स्वतःच्या गुलाबांकडे पाहिलं.

मी माझं सगळं सांगितलं. मुलगी वेगळी आहे म्हटलं. अशी बुद्धी दुकानाच्या गादीवर वाया जाईल असं माझ्या तोंडातून निघून गेलं, तेव्हा अण्णा किंचित हसले.

"गादी म्हणजे वाया नाही की, अक्का," ते म्हणाले. "माझ्या आईनं चालवली आहे ती गादी. वडील गेले तेव्हा."

मी माफी मागितली. त्यांनी हात हलवून सोडून दिलं. चांगला माणूस होता. माझ्यापुढे मोठ्या आवाजात बोलणारे वडील मी खूप पाहिले. त्यांच्याशी भांडता येतं. हे गृहस्थ माझं प्रत्येक वाक्य मन लावून ऐकत होते, आणि ऐकून झाल्यावर म्हणाले, "तुमी सांगता ते सरी आहे. पण आमच्या घरी देवीला विचारल्याबगैर काय करत नाही. शुक्रवारी हूवप्रसाद घेतो. तुमी पण या. तुमचा सल्ला आहे ना, मग तुमी समोर पाहिजे."

मी आईकडे पाहिलं. तिने बशीत कप ठेवला, आवाज न करता.

हूवप्रसाद म्हणजे काय ते मी इथे आल्यावर शिकले होते. देवाच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओली फुलं लावायची, मनात प्रश्न धरायचा आणि वाट बघायची. उजवीकडचं फूल आधी पडलं तर होय, डावीकडचं पडलं तर नाही. उजवी म्हणजे देवाची उजवी. आपल्या डाव्या हाताची. पहिल्यांदा येणारा हमखास उलटं समजतो. आपल्याकडे कोकणात कौल लावतात त्यातलाच प्रकार. मी हे सगळं ऐकून होते, मात्र कधी कुणाच्या प्रश्नासाठी उभी राहिले नव्हते.

शुक्रवारी मी कॉलेजात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जटका, म्हणजे इथला टांगा, करून पेटेत गेले. देऊळ लहान होतं, दोन दुकानांच्या मध्ये दबलेलं, आत तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास. आईने घरच्या गच्चीवरच्या कुंड्यांतली पांढरी शेवंती परडीत खुडून आणली होती. पुजाऱ्याने ती पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही खांद्यांवर, मुकुटावर, हातांवर चिकटवली. मग अण्णांच्या नावागोत्राने संकल्प सांगितला आणि कन्नडमध्ये म्हणाला, प्रश्न मनात धरा, मोठ्याने बोलू नका, देवीला ऐकू येतं.

आम्ही उभे राहिलो. अण्णा हात जोडून, डोळे मिटून. मुलगी त्यांच्या मागे. आई खांबाशी. मी सगळ्यांत मागे, चष्मा पुसत. मला कळत होतं की फुलं ओली आहेत, समयांची धग आहे, पाणी सुकत येणार आणि कुठलं ना कुठलं फूल पडणारच. हे मी माझ्या मुलींना फळ्यावर काढून दाखवू शकले असते. तरी मुलीच्या पाठीकडे बघता बघता मीही मनात म्हणून टाकलं, बाई गं, हिला जाऊ दे. आणि मग इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

बराच वेळ काही झालं नाही. पाय भरून आले. पुजाऱ्याने एकदा वात सारखी केली. मग देवीच्या उजव्या खांद्यावरून एक शेवंती सुटली, हातावर टेकली आणि खाली पडली.

पुजाऱ्याने घंटा वाजवली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते फूल दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावलं. मुलगी मागे वळली आणि माझ्याकडे पाहून हसली. वर्गात तीन वर्षं होती, पण तिचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मला फार बरं वाटलं. इतकं की देवीला मी कोपऱ्यातून आणखी एक नमस्कार केला.

आम्ही पायरीवर आलो. चपला शोधता शोधता अण्णा मोठ्या समाधानाने म्हणाले, "चला. आजच दावणगेऱ्याला तार करतो."

मुलीच्या हातातली चप्पल हातातच राहिली. "तार? कशाची?"

"होय म्हणून. देवीनं दिलं की."

"अण्णा, मी कॉलेजचं विचारलं होतं."

समोरून एक हातगाडी गेली, तिला वाट द्यायला आम्ही बाजूला सरकलो, परत जागेवर आलो. अण्णांनी लग्नाचं विचारलं होतं. दावणगेऱ्याला होय म्हणू का? मुलीने विचारलं होतं, एम.एस्सी.ला जाऊ का? दोघांनाही वाटलं होतं की प्रश्न तर उघडच आहे, त्यात बोलायचं काय. आणि बोलायचं नाही ही तर रीतच. एकच फूल पडलं होतं आणि दोघेही ते आपलं समजून बाहेर आले होते.

अण्णा परत आत जाऊन पुजाऱ्याला विचारून आले. पुजारी म्हणाला की संकल्प ज्याचा, प्रश्नही त्याचाच. पण मनात तर सगळ्यांनीच धरला होता, तेव्हा मी काय सांगू? दुसऱ्यांदा विचारता येत नाही. एकदा दिलेल्या उत्तरावर पुन्हा प्रश्न केला तर देवी रुसते, असं त्यांच्यात मानतात. अण्णा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा केविलवाणा झाला होता.

"अक्का, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा. हे फूल कुणाचं?"

आयुष्यात मला कितीतरी लोकांनी सल्ला विचारला. इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नाही. मुलीच्या बाजूने बोलायला मी आले होते. पण या माणसापुढे, त्याच्या देवळाच्या पायरीवर उभी राहून, त्याच्या देवीच्या मनातलं मी कसं सांगू? मी ठोकून देऊ शकले असते. माझ्यासमोर उभी असलेली मुलगी मात्र ठोकून न दिल्याबद्दल गुण घालवून बसलेली होती.

"मला सांगता येत नाही," मी म्हटलं.

मुलीने मान खाली घातली. तिने मला दोष दिला नाही. हे तिचंच उत्तर होतं. ती दुसरी चप्पल शोधायला लागली. मला स्वतःचा इतका राग आला, आणि तिचाही आला, की हिने आता तरी ओरडावं, रडावं, काहीतरी करावं.

तेवढ्यात आई बोलली. देवळात आल्यापासून पहिल्यांदा.

"फूल माझं आहे."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझं कसं?"

"शेवंती मी खुडली. अत्ते नेहमी सांगत होत्या, ज्याच्या हातचं फूल त्याला उत्तर. तुमालाही ठाऊक आहे." अत्ते म्हणजे तिची सासू, तीच गादी चालवणारी. "मी पण विचारलं. मनात."

"काय विचारलंस?"

"पोरीच्या कॉलेजचं," ती म्हणाली. "जाऊ देऊ का म्हणून. माझं विचारून झालं आणि फूल पडलं. मी बघत होते."

अण्णा पायरीवर बसले. हातातली शेवंती त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली. त्यांच्या आईचं नाव निघाल्यावर वाद संपला होता, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. मग ते उठले आणि ते फूल मुलीच्या हातात दिलं.

"सरी," ते म्हणाले. "मग कॉलेज."

मुलगी एम.एस्सी.ला गेली. दावणगेऱ्याच्या त्या मुलाचं त्याच वर्षी हुबळीकडच्या मुलीशी लग्न झालं. दोन वर्षांनी तिला पहिला वर्ग मिळाला, मग संशोधनाला लागली. मधून मधून मला भेटायला येई आणि तिच्या कामाबद्दल सांगे, त्यातलं पुढे पुढे मला अर्धंच कळू लागलं. कळत नाही याचा मला फार आनंद व्हायचा. लग्न मात्र जमेना. माझ्या घरी येणारे वडील आता तिचंच उदाहरण द्यायचे: एक जण म्हणे बघा, कुठल्या कुठे गेली, दुसरा म्हणे बघा, तिशी जवळ आली. रविवार काही कमी झाले नाहीत, उलट वाढले. नवऱ्याचे गुलाब त्यामुळे फार जोमात होते.

तिची आई मला बाजारात भेटायची. गांधी बाजारात फूलवाल्या रांगेने बसतात, कोपरापासून बोटापर्यंत माळ मोजून देतात, आणि ओळखीची सवाष्ण दिसली की हाक मारल्याशिवाय सोडत नाहीत. तिलाही मारायच्या. ती हाताने नको म्हणायची आणि भाजीकडे वळायची. पहिल्यांदा मला वाटलं आज विसरली असेल. मग पुन्हा तसंच. मोठं कुंकू, हिरव्या बांगड्या, काठाची साडी, आणि अंबाडा मात्र बोडका. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "वासानं डोकं दुखतं, अक्का." वय झालं की तसं होतं. मलाही प्रयोगशाळेतला वास आता सोसवेना. मी विश्वास ठेवला.

साठचं दशक संपत आलं होतं. तिची धाकटी मुलगी माझ्याकडेच बी.एस्सी. करत होती आणि पास झाली. एका रविवारी फाटकाची कडी वाजली. नवरा पाण्याची झारी घेऊन निघाला. मी दार उघडलं तर एकटी आईच. बरोबर अण्णा नाहीत, मुलगी नाही. मी कॉफी केली. तिने हवेबद्दल काही म्हटलं नाही आणि घसाही साफ केला नाही.

"धाकटीचं विचारायला आले," ती म्हणाली. "तिच्या अण्णांना वाटतं, थोरली शिकली तशी ही पण शिकू दे. मला तुमी सांगा."

"देवीला नाही विचारलं?" मी सहज चेष्टेने म्हटलं.

तिने कॉफीचा कप उचलला. मी कुंकवाची कोयरी आणायला उठले. सवाष्ण घरी आली की तिला कुंकू आणि फूल दिल्याशिवाय पाठवायचं नाही, हे मीही इथे शिकले होते. नवऱ्याच्या वाफ्यातला एक गुलाब आणि सकाळी घेतलेली मोगऱ्याची माळ तबकात ठेवून तिच्यापुढे धरली. तिने कुंकू लावून घेतलं. माळेला हात लावला नाही.

"वासाने डोकं दुखतं ना," मी म्हटलं. "माझ्या लक्षातच राहिलं नाही."

"डोकं दुखत नाही," ती म्हणाली. मग तबकाकडे बघतच सांगितलं. "त्या दिवशी मी लग्नाचंच विचारलं होतं, अक्का. दावणगेऱ्याचं होऊ दे म्हणून. मला फार पाहिजे होतं ते. मुलगा चांगला, गाव जवळ, घरात सासू नाही. माझं विचारून झालं आणि फूल पडलं, ते खरं आहे. देवीनं मला होय म्हटलं होतं."

मी तबक तिच्यापुढे टेबलावर ठेवलं.

"मग बाहेर आलो. ही रडली असती तर मी गप्प बसले असते. रडतात पोरी, मी पण रडले होते. पण ती रडली नाही की. खाली बघून चप्पल शोधत होती. चप्पल घालून घरी जायचं, आणि मग सांगतील तिथं जायचं, असं तिचं तोंड झालं होतं. ते मला बघवलं नाही."

मागच्या अंगणातून झारीचा आवाज येत होता. ती पुढे म्हणाली, "देवीनं फूल दिलं आणि मी तिच्याच दारात त्याचं खोटं सांगितलं. आता कुठलंही फूल डोक्यात कसं घालू? आणि तिला दुसरं काय कसं विचारू?"

"पस्तावा होतो?" मी विचारलं.

"नाही की," ती लगेच म्हणाली. "थोरली घरी येते, तिचं काय काय सांगते, मला काय कळत नाही. पण तोंड बघते तिचं. नाही, पस्तावा नाही." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "म्हणून तुमाकडे आले. धाकटीचं खरं सांगा. मी सांगितलं तसं नको."

इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी मला विचारलं होतं, आणि खरं ऐकायला आलेलं माणूस मला त्या दिवशी भेटलं. धाकटीला मी तीन वर्षं पाहत होते. चांगली मुलगी, हसरी. वहीत आकृत्या सुंदर काढायची आणि तास संपायची वाट बघायची. दुकानात बसली की गिऱ्हाईक खूश, असं थोरलीच मला सांगायची.

"नको," मी म्हटलं. "तिला मनापासून नाही ते. तिला एकदा विचारा. ती गादीचं नाव घेईल, बघा."

तिने कप बाजूला ठेवला. "सरी," म्हणाली, आणि उठली. दारापर्यंत गेली, मग परत वळून आली, तबकातली मोगऱ्याची माळ उचलली आणि पदराच्या टोकात नीट गुंडाळून घेतली.

"धाकटीला घालते," ती म्हणाली.